सोळा माणसांचा फरक

३ एप्रिल २००१, मंगळवार

नवं काम आलं. राजन सरांनी आम्हा सहाजणांना काचेच्या खोलीत बोलावून आधी एका कागदावर सह्या घेतल्या. अमेरिकेतल्या ज्या राज्याचं हे काम आहे त्याचं नाव कुठे बोलायचं नाही, लिहायचं नाही. म्हणून इथेही लिहीत नाही. तसं लिहिलं तरी वाचणार कोण? माझे मिस्टर हनीफ दापोलीच्या उर्दू शाळेत शिकले. मराठी घडाघडा बोलतात, पण वाचायचं म्हटलं की डोळे दुखतात म्हणतात. मुलगी यम्ना बारा वर्षांची झाली, तिला मराठीत लिहिलेलं स्वतःचं नाव ओळखता येत नाही. चिपळूणच्या शाळेतलं मराठी या घरात माझ्या एकटीचं आहे.

तर काम असं. अमेरिकेत दर दहा वर्षांनी माणसं मोजतात. मोजून झाली की आमदारांचे मतदारसंघ नव्याने आखतात, कारण दहा वर्षांत कुठे माणसं वाढलेली असतात, कुठे गेलेली असतात. या राज्यात सत्तावीस लाख चाळीस हजार माणसं आणि शंभर आमदार. म्हणजे एका मतदारसंघात सत्तावीस हजार चारशे माणसं हवीत. पाच टक्के कमी-जास्त चालतात. त्या सीमा आम्ही इथे आखातात, शारजाला लागूनच्या कुसैसच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर काढायच्या.

"आतापर्यंत आपण पाण्याचे पाइप काढले, आता माणसं काढायची," असं संजय म्हणाला. तो माझ्या शेजारी बसतो, जळगावचा आहे.

राजन सर पालघाटचे, आमच्याशी हिंदीत बोलतात. म्हणाले, "वैसा ही काम है. फक्त आकडा जुळला पाहिजे."

१४ एप्रिल, शनिवार

हे काम मला फार आवडायला लागलं आहे. पाइपांच्या नकाशात असं कधी झालं नव्हतं.

सगळं राज्य बारीक बारीक तुकड्यांत कापलेलं आहे. चार रस्त्यांच्या मधला एक तुकडा, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकवर माउस नेला की आतली माणसं दिसतात. ५२. ११७. काही ठिकाणी शून्य. तिथे तळं किंवा शेत असणार. एका मोठ्या ब्लॉकमध्ये नुसता १ होता. मी कितीतरी वेळ त्या एकाकडे बघत बसले. बाई असेल की पुरुष? आजारी पडलं तर पाणी कोण देत असेल?

घरी जेवताना सांगितलं तर यम्ना म्हणाली, "आर वी काउंटेड हिअर?"

मी म्हटलं, पंच्याण्णव साली एक माणूस दारात आला होता, विचारून लिहून गेला.

"सो दॅट वी कॅन व्होट?"

"नाही," हनीफ म्हणाले, "नुसतं कळावं म्हणून."

मी आयुष्यात एकदाच मत दिलंय, चौऱ्याऐंशी साली, लग्नाच्या आधी. शाईचा डाग रुखवत मांडेपर्यंत बोटावर होता.

९ मे, बुधवार

आज डेलचा फोन आला. डेल म्हणजे तिकडचा सल्लागार, त्याच्याच कंपनीने हे काम आम्हाला दिलंय. आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. राजन सरांनी स्पीकर लावला. आवाज गोड आहे, घाई अजिबात नाही. साजिदा नीट म्हणता येत नाही, मला 'साजीडा' म्हणतो.

माझ्याकडे राज्याचा आग्नेय कोपरा आहे. तिथे एकेचाळीस नंबरात माणसं जास्त झाली आहेत, तीस हजार शंभर. शेजारच्या चव्वेचाळीसमध्ये कमी आहेत, चोवीस हजार नऊशे. म्हणजे एकेचाळीसमधून साधारण अडीच-तीन हजार माणसं उचलून चव्वेचाळीसमध्ये टाकायची.

डेल म्हणाला, "टार्लटन नावाचं एक गाव आहे बघ. मधून रेल्वे जाते. रेल्वेलाइन ही चांगली सीमा असते, जमतंय का पाहा."

टार्लटनमध्ये सहा हजार एकशे चाळीस माणसं आहेत. आमच्या चिपळूणजवळच्या एखाद्या मोठ्या गावाएवढं. कोंबड्यांचा कारखाना आहे, दोन चर्च, एक शाळा, दफनभूमी.

१२ मे, शनिवार

जमलं. रेल्वेच्या दक्षिणेची माणसं नेमकी दोन हजार सहाशे वीस. ती चव्वेचाळीसमध्ये टाकल्यावर दोन्ही बाजू इतक्या सारख्या झाल्या की संजय उठून बघायला आला. "ताई, तराजू लावला होता का?" म्हणाला.

आकड्यांचे दुसरे रकानेही आहेत, ते लावले की नकाशाचे रंग बदलतात. डेलच्या फाइलमध्ये एक रकाना आधीच चालू होता. रेल्वेच्या दक्षिणेचा भाग आणि लाइनीच्या उत्तरेच्या दोन-तीन गल्ल्या त्यात एकदम गडद दिसल्या. मी राजन सरांना विचारलं, हे काय आहे? त्यांनी माउस घेऊन तो रकाना बंद केला. "टोटल देखो बस."

आणखी एक. नकाशावर कुठे कुठे छोटे लाल त्रिकोण आहेत. शंभर असावेत. एक टार्लटनमध्ये आहे, लाइनीच्या जरा वर, सीडर स्ट्रीटला. आणखी एक चव्वेचाळीसमध्ये, लांब. डेल म्हणाला, त्याकडे लक्ष द्यायचं नाही.

१६ मे, बुधवार

डेल खूश आहे. फक्त एवढंच म्हणाला, "टार्लटनमध्ये रेषा आणखी एक गल्ली वर घेऊन बघ. रेल्वे सोडून सीडर स्ट्रीटवरून."

मला वाटलं, रेल्वेसारखी सरळ रेषा सोडून गल्लीत कशाला शिरायचं? पण घेऊन बघितली. तीन ब्लॉक, चौसष्ट माणसं. आणि एकेचाळीसचा आकडा आला सत्तावीस हजार चारशे सोळा.

हव्या असलेल्या आकड्यापेक्षा फक्त सोळा माणसं जास्त. शंभर मतदारसंघांत इतका कमी फरक कुणाचाच नाही. डेलला हेच दिसलं असणार, मला दिसलं नव्हतं. माणूस हुशार आहे. त्याने राजन सरांना सांगितलं की साजीडाचं काम मी सगळ्यांना दाखवणार आहे.

लगेच राजन सरांनी सगळ्यांना समोसे मागवले. घरी येऊन हनीफना सांगितलं. इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमधून ते आले की आधी दहा मिनिटं हात धुतात. बेसिनपाशीच म्हणाले, "सोळा माणसं? एवढी तर आपल्या मजल्यावर राहतात."

२ जून, शनिवार

नकाशा तिकडे वर्तमानपत्रांत छापून आला. डेलने पान स्कॅन करून पाठवलं. माझी रेषा वर्तमानपत्रात. आईला फोनवर सांगायचा मोह झाला, पण सही केलेली आहे.

१० जुलै, मंगळवार

आता वेगळंच काम. नकाशावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. पत्रं आली आहेत दोन हजारांवर. ती स्कॅन होऊन येतात. आम्ही वाचून कुठल्या मतदारसंघाबद्दल आहे तो नंबर टाकायचा आणि एका ओळीत मजकूर लिहायचा. बहुतेक पत्रं छापील, खाली फक्त सही. काहीत नुसत्या शिव्या. संजय त्या मोठ्याने वाचतो.

एकेचाळीसची पत्रं मीच मागून घेतली. म्हटलं माझा भाग आहे, लोक काय म्हणतात बघू.

११ जुलै, बुधवार

एकट्या टार्लटनची एकसष्ट पत्रं. जवळजवळ सगळी हाताने लिहिलेली.

एक पत्र इथे उतरवून ठेवते, जमेल तसं मराठीत. इर्मा गॅडिस, वय अठ्ठ्याहत्तर, सीडर स्ट्रीट.

'माननीय समितीस. आमच्या आमदार लोरेटा प्रुइट माझ्या समोरच्या घरात राहतात. मी व्हरांड्यात बसले की त्यांची वाळत घातलेली धुणी दिसतात. कारखान्यात आमच्या पोरींचे हात गोठायचे तेव्हा याच बाई राजधानीत जाऊन भांडल्या. दवाखाना त्यांच्यामुळे आला. आता नव्या नकाशात रस्त्याची त्यांची बाजू चव्वेचाळीसमध्ये आणि माझी बाजू एकेचाळीसमध्ये. म्हणजे मी त्यांना मत देऊ शकत नाही. चव्वेचाळीसमध्ये त्यांना जो उभा राहून हरवेल त्याला आमच्या गावाचं नावही ठाऊक नाही. मला एवढंच विचारायचंय, ही रेषा कोणी काढली? त्याने आमची गल्ली कधी पाहिली आहे का?'

तो लाल त्रिकोण म्हणजे आमदाराचं घर. आणि त्या गडद गल्ल्या म्हणजे त्यांना मतं देणारी माणसं, बहुधा.

ओळीत काय लिहू कळेना. शेवटी लिहिलं, 'गाव विभागल्याबद्दल हरकत.' नंबर टाकला, ४१. पुढचं पत्र उघडलं, तेही सीडर स्ट्रीटचंच.

१२ जुलै, गुरुवार

मुद्दाम काही केलं नाही मी. मला आकडा जुळवायला सांगितला, मी जुळवला. त्रिकोणाकडे लक्ष देऊ नको म्हणाले, मी दिलं नाही. त्या बाईंचं घर तिथे आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर? तरी काढली असती का? काढली असती बहुतेक. सोळाच्या आनंदात.

१९ जुलै, गुरुवार

गुरुवारी इथे अर्धाच दिवस, तरी ऑफिसात थांबले. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत एकच करतेय. टार्लटन न कापता आकडा बसतो का?

बसतो. पूर्वेकडे शेतांचा पट्टा आहे, तिथली दोन हजार नव्वद माणसं चव्वेचाळीसमध्ये गेली की झालं. एकेचाळीस होतो अठ्ठावीस हजार दहा. सहाशे दहा जास्त. पाच टक्क्यांत आरामात बसतं. सगळं गाव एकत्र, रेल्वेच्या दोन्ही बाजू, सीडर स्ट्रीटच्या दोन्ही बाजू, दफनभूमीसुद्धा. फक्त एका मतदान केंद्राच्या हद्दीतली नऊ माणसं इकडची तिकडे होतात. त्यालाही काहीतरी करता येईल.

तीनदा तपासलं. संजयला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, हे त्यांना माहीत नसेल असं वाटतं तुम्हाला?"

"माहीत असतं तर हेच केलं असतं ना," मी म्हटलं.

तो आपल्या स्क्रीनकडे वळला.

२१ जुलै, शनिवार

राजन सरांनी नकाशा पाहिला. वाईट बोलले नाहीत. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "साजिदा, पाइप काढताना कधी विचारलं का, पाणी कुणाला मिळणार?"

"विचारलं नाही, सर."

"मग?"

मी म्हटलं, पाइप चुकला तर पत्र येत नव्हतं. आता एकसष्ट आली आहेत.

ते खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत राहिले. त्यांची मोठी मुलगी मनिपालला शिकते. ऑफिस हेच काम करून चाललंय हे मलाही माहीत आहे. "डेलला मी काही पाठवणार नाही," ते म्हणाले. मग दार उघडत, "फोनवर तू बोललीस तर मी कसा थांबवणार."

२३ जुलै, सोमवार

बोलले. इंग्लिश वाक्यं यम्नाकडून आधी लिहून घेतली होती. तिला सांगितलं, एका गावाबद्दल आहे. तिने दोन ठिकाणी 'प्लीज' घातलं होतं, मी दोन्ही वाचली.

डेलने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रागावेल. उलट म्हणाला, "पाठव. लगेच पाठव. असा पर्याय तयार असणं फार चांगलं."

फाइल जोडताना दोनदा चुकले. संजयने पाणी आणून दिलं.

घरी हनीफना सगळं सांगितलं. ते पोळी हातात धरून ऐकत होते. म्हणाले, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, डेल खूश आहे. "मग बरं," म्हणाले, आणि पोळीचा तुकडा मोडत, "कोण ती बाई? तुझी काय लागते?"

मी ताटं उचलली.

१४ ऑगस्ट, मंगळवार

माझा नकाशा समितीपुढे जाणार. डेलचा ईमेल आला: 'साजीडाचा पर्याय आम्ही अहवालाला जोडला आहे, पर्याय ब म्हणून.' पर्याय ब. मी दोन प्रिंट काढून एक घरी आणली आणि या वहीत घडी करून ठेवली आहे.

आज यम्नाला न रागावता गणित शिकवलं. हनीफनी ओळखलं, म्हणाले, काहीतरी चांगलं झालंय.

इर्माबाईंना पत्र लिहावंसं वाटतं. पत्ता माझ्यापुढेच आहे. पण सही केलेली आहे, आणि काय लिहिणार? थांबा, दुरुस्त होतंय? झाल्यावरच लिहीन.

२९ ऑगस्ट, बुधवार

समितीच्या बैठकीचा शब्दन् शब्द टाइप होऊन आला आहे. आम्हाला त्यातल्या मतदारसंघांच्या नंबरांची सूची करायची होती. एकशे नव्वद पानं. मी आधी ४१ शोधला.

इर्मा गॅडिस स्वतः आल्या होत्या. तीन तास गाडीने. त्यांनी पत्रातलंच विचारलं, ही रेषा कोणी काढली?

अध्यक्षांनी डेलला उत्तर द्यायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हा नकाशा व्यावसायिक तंत्रज्ञांनी काढला आहे. त्यांचा या राज्याशी काहीही संबंध नाही. ते इथल्या कुणालाही ओळखत नाहीत. त्यांनी फक्त आकडे पाहिले. एकेचाळीसमध्ये फक्त सोळा माणसांचा फरक आहे, सगळ्या राज्यात सर्वांत कमी. याहून निःपक्षपाती काही असू शकत नाही."

मग माझा नकाशा निघाला. डेल म्हणाला, "गाव एकत्र ठेवता येईल का याचाही आम्ही प्रामाणिकपणे विचार केला. हा पाहा पर्याय ब. यात फरक सहाशे दहावर जातो आणि एका मतदान केंद्राची हद्द मोडते. म्हणून तो सोडून द्यावा लागला."

नऊ माणसं. ती नऊ माणसं मी दोन दिवसांत बसवली असती. कुणी विचारलंच नाही.

इर्माबाई म्हणाल्या, "सहाशे चालतात असं तुमच्याच नियमात लिहिलंय."

अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद, मॅडम, आपली वेळ संपली."

मूळ नकाशाच्या बाजूने मतं सात, विरुद्ध चार.

सूचीत मी लिहिलं: मतदारसंघ ४१, पानं ८८ ते ९३. नंतर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. डेलने खोटं काही सांगितलं नव्हतं. मी तिथल्या कुणालाच ओळखत नव्हते, हे खरंच आहे. रेषा काढली तेव्हा नव्हते ओळखत.

३० ऑगस्ट, गुरुवार

हनीफना म्हटलं, मी त्या बाईंना पत्र लिहिते. तुमचा नकाशा मी काढला, आणि दुसराही काढला होता, कोर्टात जा, दाखवा.

ते चिडतील असं वाटलं होतं, चिडले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "लिही. मी पोस्टात टाकून येतो. पण आधी सांग, तुला कोर्टात कुणी बोलावलं तर जाशील कुठून? व्हिसा कोण देईल? राजनची कंपनी बंद झाली तर बाकीचे पाचजण कुठे जातील? एवढं सांग, मग मी जातो."

मी लिहायला घेतलं. 'डिअर मिसेस गॅडिस' एवढंच झालं. यम्नाने मागून येऊन वाचलं. "हू इज शी, मम्मा?"

मी कागद फाडला. फाडताना सावकाश फाडला, म्हणजे एखाद्या वेळी कुणी हात धरेल.

४ सप्टेंबर, मंगळवार

विधेयक मंजूर झालं. आता कायद्याच्या पुस्तकात नकाशा नसतो, शब्द असतात. कुठला ब्लॉक कुठल्या मतदारसंघात, सगळ्यांचे नंबर एकाखाली एक टाइप करायचे. प्रत्येकाने आपापला भाग करायचा असं राजन सरांनी वाटून दिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "चव्वेचाळीस, एकेचाळीस संजय करेल."

मी म्हटलं, नको, मीच करते.

का म्हटलं ठाऊक नाही. वाटलं, निदान दुसऱ्याच्या हातून नको. सीडर स्ट्रीटचे तीन ब्लॉक आले. २०१४. २०१५. २०१६. चौसष्ट माणसं. २०१४ नंबरच्या ब्लॉकमध्ये लोरेटा प्रुइटचं घर. हे नंबर चव्वेचाळीसच्या यादीत घातले. रस्त्याच्या पलीकडचा २००९, इर्माबाईंचा, एकेचाळीसच्या यादीत. टाइप करायला एक मिनिटही लागलं नाही. नंतर नंबर तपासायचे म्हणून संजयला वाचून दाखवले, तो एकेक बरोबर, बरोबर म्हणत गेला.

१३ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसात दोन दिवस टीव्हीच चालू आहे, तीच विमानं, तेच पडणारे टॉवर. कुणी काम करत नाही. डेलचा फोन नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या हव्वाबी सकाळी दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचा भाऊ न्यू जर्सीत टॅक्सी चालवतो. काल त्याचा फोन लागला, सुखरूप आहे. तरी त्या रडतच होत्या.

८ ऑक्टोबर, सोमवार

डेलच्या कंपनीने इथे काम करणाऱ्या सगळ्यांची नावं मागवली आहेत. राजन सरांनी मला आत बोलावलं. यादी समोर होती. पाचजणांची पूर्ण नावं, माझं 'एस. परकार', म्हणजे मुसलमान आहे हे कळू नये.

"ऐसे ही लिखा है," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

मी म्हटलं, सर, डेल मला नावानेच ओळखतो. रोज साजीडा म्हणायचा.

"हां," ते म्हणाले. "लिस्ट डेल के ऊपर जाएगी."

दार ओढून घेऊन जागेवर येऊन बसले.

३० ऑक्टोबर, मंगळवार

काम परत नेलं त्यांनी. कारण लिहिलंय, धोरणात बदल. माझं नाव होतं म्हणून, की काम तसंही संपलंच होतं म्हणून, ते राजन सरांनाही माहीत नाही. त्यांनी माझ्यासकट चौघांना नोकरी सोडायला दोन महिन्यांची मुदत दिली. संजय अल ऐनला एका सर्व्हे कंपनीत जातोय. जाताना म्हणाला, "ताई, मी तेव्हा स्पष्ट बोलायला हवं होतं." मी म्हटलं, बोलला असतास तरी मी ऐकलं नसतं.

७ नोव्हेंबर २००२, गुरुवार

वर्षभराने ही वही उघडतेय. आता मी शारजात एका काँट्रॅक्टरकडे गोदामांचे आराखडे काढते. गोदामात कुणी राहत नाही, ते बरं आहे.

दुसरा रोजा. यम्नाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घरी कॉम्प्युटर घेतलाय, डायल-अपवर इंटरनेट लागतं. तिकडे परवा निवडणूक झाली. दुपारी असरच्या नमाजानंतर मी त्या राज्याचं निकालांचं पान उघडलं. एकेक ओळ खाली सरकत येत होती.

मतदारसंघ चव्वेचाळीस. लोरेटा प्रुइट तिथे उभ्या राहिल्या होत्या. तेराशे बावीस मतांनी हरल्या.

मी एकेचाळीस बघणार नव्हते. तिथे कोण निवडून येणार ते रेषा काढली त्या दिवशीच ठरलं होतं. पण पान आपोआप उतरत होतं. एका माणसाचं नाव, त्यापुढे मतं, त्याच्याविरुद्ध कुणीच उभं नव्हतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. 'राइट-इन' असं काहीतरी, आणि पुढे १,१३१.

यम्ना पलंगावर वाचत पडली होती. तिला विचारलं, याचा अर्थ काय?

ती उठून आली, वाचलं. "इट मीन्स दे डिडन्ट लाइक द नेम ऑन द पेपर. सो दे रोट देअर ओन पर्सन."

"मग ते मत धरतात?"

"डिपेंड्स. इफ द पर्सन डझन्ट लिव्ह इन दॅट डिस्ट्रिक्ट, नो. खलास. दे जस्ट थ्रो इट."

अकराशे एकतीस माणसं रांगेत उभी राहिली, पेन घेतलं आणि कागदावर हाताने एक नाव लिहिलं. ते धरणार नाहीत हे त्यांना माहीत असणार, सगळं गाव त्या बैठकांना जाऊन आलेलं. कुठलं नाव लिहिलं ते पानावर नव्हतं. तशा नावांसाठी रकानाच नसतो.

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" यम्ना विचारत होती. "डू यू नो देम?"

मी हो म्हटलं. मग तिला खुर्ची ओढायला सांगितली आणि टार्लटन कुठे आहे, रेल्वे कुठून जाते, सीडर स्ट्रीटला समोरासमोर कोण कोण राहतं, ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. संध्याकाळची अजान झाली तेव्हा मी नऊ मेपर्यंत आले होते. तिने रोजा सोडायला खजूर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "देन?"